गाव खरं हवं, खेळाची वेळही

१२ सप्टेंबर २०२५ या एकाच शुक्रवारी तीन मराठी सिनेमे लागले: ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’. तिन्हींत नावाजलेली नटमंडळी, तिन्हींची जाहिरात जोरात, आणि तिकिटाचे पैसे काढणारा मराठी प्रेक्षक तोच. नवी मुंबईतल्या उलव्यातल्या प्रेक्षकाने त्यांतला ‘दशावतार’ आधी पाहावा, याला मात्र सबळ कारण होतं. त्या सिनेमात गावाच्या जमिनीवर प्रकल्प येऊ पाहतो. उलव्यात तो येऊन बसला आहे.

खारकोपरपर्यंत लोकल पोचली नोव्हेंबर २०१८ मध्ये. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि त्याच दिवशी लोकल पुढे उरणलाही निघाली. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, तेव्हा ‘दशावतार’ लागून महिनाही झाला नव्हता. या विमानतळासाठी दहा गावं उठली, उलव्याची टेकडी सुरुंगांनी उतरवली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. आज सेक्टरांतल्या टॉवरांमध्ये बाहेरून राहायला आलेली कुटुंबं आहेत, आणि वहाळ, मोरावे, गव्हाण, शेलघर या गावांत पिढ्यानपिढ्या भातशेती आणि खाडीवर जगलेली आगरी-कोळी घरं आहेत. दोघेही एकाच लोकलने सिनेमाला जातात. जमीन कशी हातची जाते, कागदावर सही कोण करतं, बैठकीत कोण गप्प बसतं, हे इथल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. म्हणूनच पडद्यावर खोटं गाव उभं केलं की ते इथे पहिल्या दहा मिनिटांत ओळखलं जातं.

सुबोध खानोलकर यांच्या ‘दशावतार’मधलं गाव खरं आहे. तळकोकणातल्या दशावतार या लोकनाट्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतो. पेटी, पखवाज आणि झांजेवर रात्र सरते. प्रत्येक नट आपला पेटारा उघडतो, समोर छोटा आरसा ठेवतो आणि आपला चेहरा आपणच रंगवतो. राजा असो की स्त्रीपात्र, रंग लावून द्यायला दुसरं कुणी नसतं. आता ही रीत डोळ्यांसमोर ठेवून सिनेमातल्या दशावतारी नटाकडे, बाबुली मेस्त्रीकडे पाहा. त्याची दृष्टी मंदावत चालली आहे आणि मुलगा म्हणतो, आता पुरे. ज्याचा जन्म तोंडाला रंग लावण्यात गेला, त्याला आपलाच चेहरा आरशात दिसेनासा होणार, एवढ्या एका गोष्टीत अख्खं नाटक आहे. दिलीप प्रभावळकर यांनी वयाच्या ८१ व्या वर्षी हा बाबुली उभा केला. रंगभूमीवर ‘हसवाफसवी’त एकट्याने सहा भूमिका करणाऱ्या या नटाला सोंग नवं नाही. इथे त्यांनी सोंगाआडचा म्हातारा दाखवला, मंचावर गर्जणारा आणि घरी मुलाच्या काळजीपुढे हतबल होणारा. बाप-लेकाचे ते प्रसंग गेल्या काही वर्षांतल्या मराठी सिनेमातल्या सर्वोत्तम प्रसंगांत धरावे लागतील.

उत्तरार्धाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. जमिनीवर खाण आणू पाहणाऱ्यांविरुद्धची अख्ख्या गावाची लढाई एकट्या बाबुलीच्या खांद्यावर येते आणि तो एकेक अवतार धारण करून हिशेब चुकते करतो. थिएटरात शिट्ट्या पडतात, टाळ्या वाजतात, आणि गाव बाजूला राहतं. ज्या मातीवर उलवे उभं आहे, तिथली लढाई अशी झाली नव्हती. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात भूसंपादनाविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. त्यामागे गावोगावच्या बैठका होत्या, मोर्चे होते, तुरुंगवास होता, बायाबापड्यांचा पुढाकार होता. एवढं नाट्य हाताशी असताना सिनेमाने चमत्काराचा आधार घ्यावा, याचं वाईट वाटतं. ‘दशावतार’ने प्रश्न नेमका विचारला. उत्तरही गावाच्या तोंडून यायला हवं होतं.

‘आता थांबायचं नाय!’ने हा मोह टाळला. १ मे २०२५ ला लागलेला शिवराज वायचळ यांचा हा सिनेमा मुंबई महापालिकेतल्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांच्या खऱ्या हकीकतीवर बेतलेला. दिवसभर शहराची घाण उपसून आलेली माणसं रात्रशाळेच्या बाकावर बसतात आणि दहावीचा अभ्यास करतात. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांना विनोदासाठी ओळखणाऱ्या प्रेक्षकाने इथे त्यांचे थकलेले खांदे पाहिले. झाडू धरून घट्टे पडलेल्या हाताला पेन धरताना काय होत असेल, हे या सिनेमाला ठाऊक आहे. शेवटी प्रश्न दहावीच्या निकालाचा असतो, आणि तेवढा पुरतो. कुणाचा खून होत नाही, कुणी देव होत नाही, तरी माणसं डोळे पुसत बाहेर पडतात.

२०२५ मधला सगळ्यात धीट मराठी सिनेमा कोणता, असं विचारलं तर ‘साबर बोंडं’चं नाव घ्यावं लागेल. रोहन परशुराम कानवडे यांच्या या चित्रपटाने जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावात शेती करणारा त्याचा बालमित्र बाळ्या, या दोन पुरुषांमधल्या प्रेमाची ही गोष्ट. भावकी लग्नाचा विषय काढते, मुलगा उत्तर टाळतो, आणि त्याच्या पाठीशी आई उभी राहते. कॅमेरा बराच वेळ जागचा हलत नाही. घाई नाही, भाषण नाही. जयश्री जगताप यांनी रंगवलेली आई फार शिकलेली नाही, चळवळीतली नाही. तिला आपलं पोर कळतं. मराठी घरात अशी समजूत निर्माण होऊ शकते, हे इतक्या साधेपणाने दुसऱ्या कुठल्या सिनेमाने सांगितलं? संथ आहे म्हणून या सिनेमाकडे पाठ फिरवणाऱ्यांनी सुतकातलं एखादं घर आठवावं. तिथे वेळ असाच जातो.

याच ओळीत दोन नावं जोडायला हवीत. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला २०२४ मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री मिळालं. त्यात छाया कदम यांची पार्वती मुंबईतल्या रुग्णालयात स्वयंपाकीण आहे. वर्षानुवर्षं राहत्या घराचा कागद तिच्या नावावर नाही, बिल्डरला ती जागा हवी आहे, आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. कागद नसल्याने बेघर होणं काय असतं, हे प्रकल्पग्रस्तांच्या गावात सांगायला नको. दुसरं नाव हेमंत ढोमे यांच्या ‘क्रांतीज्योती विद्यालय, मराठी माध्यम’चं. १ जानेवारी २०२६ ला लागलेल्या या सिनेमात बंद पडू घातलेली मराठी शाळा वाचवायला माजी विद्यार्थी एकत्र येतात. त्यात आठवणींचा गोडवा थोडा जास्त झाला आहे. पण मुलांना इंग्रजी शाळेत घालून मराठी शाळेसाठी हळहळणाऱ्या पालकांना त्याने त्यांच्याच सोसायटीत येऊन गाठलं, हे मोठं काम आहे.

मोठ्या हिंदी सिनेमांशी मराठी प्रेक्षकाचं भांडण नाही. १४ फेब्रुवारी २०२५ ला लागलेला ‘छावा’ पाहायला महाराष्ट्रभर घरंच्या घरं गेली. विकी कौशल यांची मेहनत पडद्यावर दिसते. तरी ‘बुधभूषण’ लिहिणारा, संस्कृत जाणणारा संभाजी त्यात फारसा भेटत नाही, आणि अखेरचे हाल दाखवताना संयम सुटतो. त्याच वर्षी डिसेंबरात आलेला ‘धुरंधर’ साडेतीन तासांचा. अक्षय खन्ना पडद्यावर असेपर्यंत नजर हलत नाही, पण रक्तपाताचा इतका मारा होतो की शेवटी मरणाऱ्याचं काहीच वाटेनासं होतं. दोन्ही सिनेमे तंत्रात तयारीचे. माणूस मात्र ‘आता थांबायचं नाय!’च्या वर्गात जास्त सापडतो.

मग हे चांगले मराठी सिनेमे पाहायचे कधी आणि कसे? उलव्यातून मॉलमधल्या पडद्यापर्यंत जायचा सोयीचा रस्ता म्हणजे बामणडोंगरी किंवा खारकोपरला लोकल धरून सीवूड्स. तिथे स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे. गाडी नेरूळचीच हवी, बेलापूरची धरली तर सीवूड्स लागत नाही. या मार्गावर गाड्या हार्बरसारख्या पाठोपाठ येत नाहीत, त्यामुळे एक चुकली की सिनेमाची सुरुवात गेली. संध्याकाळी सातला कामावरून परतणाऱ्याला दुपारी बाराचा खेळ उपयोगाचा नाही. रात्री दहाचा धरला तर परतीच्या गाडीची धास्ती, नाहीतर रिक्षाचं भाडं. मराठी सिनेमाच्या वाट्याला नेमके हेच दोन खेळ येतात, आणि पुढच्या शुक्रवारी तेही जातात.

हे भांडण जुनं आहे. १९७१ मध्ये दादरच्या कोहिनूर थिएटरात ‘सोंगाड्या’ला जागा मिळेना, तेव्हा दादा कोंडके यांच्यासाठी शिवसेना उभी राहिली. एप्रिल २०१५ मध्ये सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ मराठी सिनेमा दाखवण्याची घोषणा केली, आणि लगेच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. १८ जुलै २०२५ ला मराठी ‘येरे येरे पैसा ३’ आणि हिंदी ‘सैयारा’ एकाच दिवशी लागले आणि पडद्यांवरून पुन्हा तोच वाद पेटला. आंदोलनाने पडदा मिळवता येतो. त्यासमोरची खुर्ची भरायला तोंडोतोंडी प्रसिद्धी व्हावी लागते, आणि तिला दिवस लागतात. जून २०२३ मध्ये आलेल्या ‘बाईपण भारी देवा’ला ते दिवस मिळाले. एका बाईने पाहिला, तिने भिशीत सांगितलं, मग साड्या नेसून, नथी घालून बायकांचे गटच्या गट आले. सिनेमा आठवड्यामागून आठवडे चालला.

तेव्हा निर्मात्यांनी आधी आपसांत तारखा वाटून घ्याव्यात. १२ सप्टेंबरला तीन आणि १९ सप्टेंबरला ‘साबर बोंडं’, म्हणजे आठ दिवसांत चार सिनेमे एकाच प्रेक्षकापुढे ठेवले गेले. १ मे रोजी ‘आता थांबायचं नाय!’ समोर ‘गुलकंद’ होता, आणि दोघांसमोर हिंदी ‘रेड २’. यात कुणाचाच फायदा नाही. सरकारने २०१५ ची मूळ घोषणा पुन्हा हातात घ्यावी आणि सहा ते नऊमधला एक खेळ तरी मराठी सिनेमाला सलग तीन आठवडे द्यावा. ही काही अवाजवी मागणी नाही.

उलव्यापुरतं बोलायचं तर नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने इथे दोन-तीनशे खुर्च्यांचं एक सभागृह उभं करावं, जिथे नाटकही होईल आणि सिनेमाही. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे, पनवेलला वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह आहे, आणि दोन्ही उलव्यापासून लांब पडतात. प्रश्न तिकिटाच्या किमतीचाही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यावरच्या तिकिटावर तो १८ टक्केच राहिला. मॉलमध्ये शनिवार-रविवारी शंभराच्या आतलं तिकीट क्वचितच मिळतं, त्यामुळे ही सवलत कुटुंबाला लागू होत नाही. सार्वजनिक सभागृहात ऐंशी-नव्वद रुपयांचं तिकीट ठेवता येईल. वहाळचा शेतकरी आणि सेक्टरातला नोकरदार संध्याकाळी सातचा खेळ पाहून साडेनऊला घरी जेवायला पोचतील, आणि ‘दशावतार’चा उत्तरार्ध पटला की नाही यावर वाटेत वादही घालतील.