बाकावरचे माणूस

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमचे घर आता परके राहिलेले नाही. तरी नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी निलंग्यात मराठीचा प्राध्यापक आहे. घरी ७४ वर्षांची आई, आमची सौ., अकरावीत शिकणारी कन्या आणि पाचवीतले चिरंजीव अशी माणसे. त्यांपैकी प्रत्येकाला ठाम मते आहेत, आणि मला खर्चाचा आकडा माहीत आहे.

दिवाळीच्या सुटीत सर्वांनी मिळून कुठेतरी जायचे, असा ठराव आमच्याकडे आषाढातच मंजूर झाला. कन्या पुढच्या वर्षी बारावीला जाईल. लातूर जिल्ह्यात बारावीचे वर्ष म्हणजे काय, हे ज्याच्या घरात ते येऊन गेले त्यालाच ठाऊक. त्या वर्षी घरात पाहुणा आला तर तोही पाय न वाजवता चालतो. पुढे ती कुठल्या गावी शिकायला जाईल, कोण जाणे! तेव्हा पाचही जणांनी एकत्र निघण्याची ही बहुधा शेवटचीच मोकळी सुटी. हे कुणी बोलून दाखवले नाही. पण त्यामुळेच की काय, ठिकाण ठरवताना कुणी माघार घ्यायला तयार होईना.

मी खरोशाची लेणी सुचवून पाहिली. जवळ आहेत, जुनी आहेत, आणि मुख्य म्हणजे खर्च नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तिथं शाळेची सहल जाते." एवढ्या एका वाक्यात त्यांनी दीड हजार वर्षांचा इतिहास निकालात काढला. मुलांना हवे होते थीम पार्क. मराठीचा प्राध्यापक या नात्याने मी 'संकल्पना-उद्यान' असा प्रतिशब्द सुचवला. त्यावर "मग तिथं नुसत्या संकल्पनाच बघायच्या का?" असा प्रश्न आला. आईने मात्र सगळे ऐकून घेऊन माझ्याहून नेमका शब्द काढला: "म्हणजे तिकिटाची जत्रा म्हणा की!"

आता या तिकिटाच्या जत्रा काही थोड्या नाहीत. माझ्या लहानपणी एकच नाव ऐकू येई, ते गोराईच्या एस्सेल वर्ल्डचे. १९८९ साली ते सुरू झाले आणि त्याची जाहिरात दूरदर्शनवर पाहत आमची सारी पिढी वाढली. आम्ही काही तिथे गेलो नाही. निलंग्याच्या पोराने मुंबईचा पाळणा पडद्यावरच पाहायचा असतो, अशी आमची प्रामाणिक समजूत होती. आताच्या पोरांची तशी समजूत नाही. चिरंजीवांनी खोपोलीजवळचे इमॅजिका पुढे केले. २०१३ साली उघडलेल्या या उद्यानात 'नायट्रो' नावाची एक गाडी आहे. साखळी तिला ओढून उंचावर नेते आणि तिथून सोडून देते. पुढचे काम पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. चिरंजीवांना तीत बसायचे होते. पण निलंग्याहून खोपोली साडेचारशे किलोमीटर. नायट्रोच्या आधी आमच्या रस्त्यांनीच ती हौस पुरी केली असती!

सौभाग्यवतींचे मत हैदराबादच्या रामोजी चित्रनगरीला पडले. १९९६ साली उभी राहिलेली, १६०० एकरांहून मोठी आणि गिनीज बुकात जगातली सर्वांत मोठी म्हणून नोंदलेली ही चित्रनगरी. तिथे बसमध्ये बसवून सारे दाखवतात. खोटे विमानतळ, खोटे रेल्वे स्टेशन, पुढून राजवाडा आणि मागून नुसते टेकू, असे बरेच काही. कन्येने हैदराबाद मान्य केले, पण तिला हवे होते तिथले वंडरला. पाळणे आणि पाणी दोन्ही एकाच तिकिटात, हा तिचा मुद्दा. मलाही हैदराबाद पटले. बीदरवरून गेले तर जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर. शिवाय आईच्या लेखी मोठे गाव म्हणजे हैदराबादच. तिचा जन्म झाला तेव्हा निलंगा तालुका हैदराबाद संस्थानातून झालेल्या राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो उस्मानाबादेत आला आणि १९८२ साली लातुरात. तिचे वडील कज्जेदलालीसाठी हैदराबादला जात आणि येताना बांगड्या आणत. ती स्वतः मात्र अजून तिथे गेलेली नाही.

गाव ठरले, तेव्हा मी उद्यानांचे नियम वाचायला घेतले. नियम वाचणे हा आम्हा मास्तर लोकांचा आवडता खेळ. पहिली गंमत उंचीची. मुलाचे तिकीट वयावर नसते, उंचीवर असते. आणि मोठ्या पाळण्यात बसायलाही ठराविक उंची लागते. चिरंजीव स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले. पाळण्यासाठी त्यांना वाढायचे होते आणि तिकिटासाठी मला ते आखूड हवे होते. "टाच खाली टेकव," मी म्हणालो. "तुम्ही पट्टी सरळ धरा," ते म्हणाले. बापलेकांच्या संबंधात इतका उघड स्वार्थ मी पूर्वी पाहिला नव्हता.

दुसरी यादी वाचताना मात्र हसू आले नाही. पुढील व्यक्तींनी मोठ्या पाळण्यांत बसू नये: रक्तदाब असलेल्या, हृदयविकार असलेल्या, पाठीचा किंवा मानेचा त्रास असलेल्या. ही तर आमच्या आईची प्रकृतीच कुणीतरी छापून ठेवली होती. "मग आजी काय करणार?" कन्येने विचारले. चिरंजीवांनी उत्तर तयार ठेवले होते. "आजी बाकावर बसेल ना, आपल्या पिशव्या घेऊन."

त्या पोराने काही वाईट मनाने म्हटले नव्हते. आई स्वतःच म्हणाली, "व्हय, मी बसते की. पिशव्या सांभाळायला कुणीतरी पाहिजेच." पण मला एकदम माळेगाव आठवले. मार्गशीर्षातली खंडोबाची जत्रा. मी सात-आठ वर्षांचा असेन. वडिलांनी आम्हा भावंडांना रहाटपाळण्यात बसवले आणि स्वतःही बसले. पाळणा वर गेला की सारी जत्रा दिसे, घोड्यांचा बाजार दिसे; आणि दर वेळी खाली आला की आई दिसे. एका हाताने गाठोडे धरलेली, दुसऱ्या हातात आमच्या चपला. ती आमच्याकडे बघून हसत होती. तिला कुणी "ये" म्हटले नाही. पुढे वडील गेले, मी नोकरीला लागलो, सहली झाल्या, लग्ने झाली. प्रत्येक ठिकाणी गाठोड्यापाशी तीच.

आता गंमत पाहा. ज्या माणसापासून या साऱ्या उद्यानांची वंशावळ सुरू होते असे मानतात, तो वॉल्ट डिस्ने सांगत असे की त्याला ही कल्पना बाकावर बसल्या बसल्या सुचली. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये तो लेकींना फिरत्या घोड्यांवर बसवून आणी, आणि स्वतः शेंगदाणे खात बाकावर बसून राही. बसून बसून कंटाळला आणि मनाशी म्हणाला, आईबापांनी आणि मुलांनी मिळून मजा करावी असे ठिकाण का असू नये? त्यातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले. म्हणजे बाकावरच्या एका कंटाळलेल्या बापाने बाक रिकामे करण्यासाठी एवढा खटाटोप केला. आणि सत्तर वर्षांनी आम्ही त्याच बाकावर आपली आई बसवायला निघालो होतो.

मी वही काढली आणि वरचे सारे खोडले. किती पाळणे, किती एकर, किती खर्च, हे प्रश्न दुय्यम ठरवले. पहिला प्रश्न एकच लिहिला: इथे बाकावर कोण बसणार? या कसोटीला रामोजी चित्रनगरी चांगली उतरली. बसमध्ये बसायला रक्तदाबाची आडकाठी नाही. वंडरलाचे पाळणे बाद झाले. राहिले पाणी.

पाण्याचे नाव मी आईपुढे भीतभीतच काढले. त्याला कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात ती लातुरात माझ्या थोरल्या बहिणीकडे होती. त्या वर्षी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. आई रात्री दोनला उठून टँकरच्या रांगेत घागर ठेवी. आणि वाचकहो, हैदराबादचे हे वंडरला उघडले तेही त्याच एप्रिलमध्ये! एकीकडे आगगाडीतून पाणी उतरत होते, दुसरीकडे तिकीट काढून लोक लाटांत उतरत होते. अशा बाईला 'पाण्यात खेळायला चल' कुठल्या तोंडाने म्हणायचे?

कन्येने शास्त्र पुढे केले. "आजी, ते पाणी वाया नाही जात. गाळून, औषध घालून तेच पुन्हा फिरवतात."

"मग आपल्यासारखंच की," आई म्हणाली. "तांदळाचं पाणी तुळशीला, धुण्याचं पाणी संडासात. त्यात काय नवल?" थोड्या वेळाने तिने विचारले, "पण लाट म्हंजे काय करतेत तिथं?"

कन्येने समजावले. समुद्राच्या काठासारखा उतार असलेला मोठा हौद असतो. पलीकडच्या भिंतीआडून यंत्राने पाणी ढकलतात. आपण काठावर घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहायचे. पाणी आपोआप आपल्याकडे येते, पायांवरून जाते आणि परत फिरते.

आई बराच वेळ गप्प होती. मी मनातल्या मनात वंडरलावर काट मारली. तेवढ्यात ती म्हणाली, "जलमभर पाण्याकडं मीच गेले. पाणी आपल्या पायानं चालत येतंय म्हणता, तर बघावं म्हणते एकदा."

घरात कुणी काही बोलले नाही. चिरंजीवांनीदेखील!

तरीही एक नियम आडवा होताच. अशा हौदांत सुती कपडे चालत नाहीत, धागे सुटून गाळण्या तुंबतात. आणि साडी तर मुळीच चालत नाही. नायलॉनचाच पोशाख हवा. ७४ वर्षांत नऊवारीखेरीज काही न नेसलेल्या बाईला हे सांगणार कोण? ते काम सौभाग्यवतींनी अंगावर घेतले. सासूसुनांची दार लावून अर्धा तास बैठक झाली. आतून प्रथम "नाही म्हंजे नाही" ऐकू आले, मग नुसती कुजबूज, आणि शेवटी चक्क हसू. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे नायलॉनचे कापड गेले. घोट्यापर्यंत विजार, मनगटापर्यंत बाह्या, गुडघ्याखाली घोळ. शिंप्याने चष्म्यावरून पाहत विचारले, "कुठल्या नाटकात काम आहे, सर?" मी म्हणालो, "घरच्याच."

तर बेत असा आहे. पहिला दिवस वंडरला. मुले पाळण्यांत असतील तेव्हा आई, सौ. आणि मी लाटांच्या काठाशी. पिशव्या तिथल्या कुलपाच्या कपाटात, भाडे पडले तरी चालेल. एवढ्या वर्षांत गाठोडे सांभाळण्याचे भाडे आम्ही कुणाला दिले नाही, ते या निमित्ताने थोडे फिटेल. दुसरा दिवस, पैसे आणि गुडघे शिल्लक राहिले तर, चित्रनगरी. चिरंजीवांना नायट्रोचे वचन दिले आहे, त्यांची उंची पुरी होईल तेव्हाचे. तोवर ते रोज चौकटीला पाठ लावत आहेत.

आईने एकच अट घातली आहे: त्या पोशाखाचे गावात कुणाला सांगायचे नाही. मी कबूल केले. आता हे सदर ती स्वतः वाचत नाही, पण शेजारच्या वहिनी तिला मोठ्याने वाचून दाखवतात, ही अडचण आहे. माझी भिस्त आता निलंग्यात दिवाळी अंक उशिरा येण्यावर आहे. तो येईल तेव्हा आम्ही बीदरच्या पुढे निघून गेलेलो असू, आणि आई घोट्याएवढ्या पाण्यात उभी असेल.