यंदाची यात्रा तपकिरी कशाला?

परंडा तालुक्यातल्या सोनारीत चैत्रात काळभैरवनाथाची यात्रा भरते. देऊळ, गर्दी, माणसांना सरावलेली माकडं. मोबाइल आपोआप वर होतो. मग फोटो कृष्णधवल करायचा, त्यावर ‘सेपिया’ दाबायचं, की यंदाची यात्रा निजामाच्या अमदानीतली दिसू लागते. हे थांबायला हवं.

निजामाचा काळ या भागाने खरोखर पाहिला आहे. हा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५). त्यांच्या फोटोंतला तपकिरीपणा कोणी वरून फासलेला नाही. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर उन्हाने चांदीचे अतिसूक्ष्म कण उमटत, तो रंग त्यांचा. सोन्याच्या द्रावणात धुऊन तो पक्का केला जाई. पुढे डार्करूममध्ये सल्फाइडचं टोनिंग आलं. सडक्या अंड्यांसारखा वास सहन करावा लागे, पण प्रिंटमधल्या चांदीचं सल्फाइड झालं की फोटो जास्त टिके.

डिजिटल फोटोत तपकिरी रंगाचा टिकण्याशी संबंध नाही. तिथे सगळा आकड्यांचा खेळ. करड्या ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा सारखेच असतात, समजा १२८. लाल जरा चढवला, निळा उतरवला, की ऊब आली.

ही ऊब वाईट मुळीच नाही. म्हाताऱ्या चेहऱ्याला, देवळाच्या दगडाला ती शोभते. सावल्यांत किंचित तपकिरी आणि उजेडाच्या जागा जवळपास पांढऱ्या ठेवल्या, तर चित्र मऊ होतं. पण शेजारी निव्वळ करडा फोटो ठेवल्यावरच फरक कळावा, इतकीच ती असावी. सगळा फोटो चहात बुडवल्यासारखा दिसला, तर तो आपल्या काळाबद्दल खोटं सांगतो. पन्नास वर्षांनी सोनारीची यात्रा शोधणाऱ्याने त्यावर विसंबायचं कसं?

घरातल्या जुन्या फोटोंचे हाल याहून वाईट. नक्कल करताना त्यांचा मूळ रंग पुसतात आणि वर आयता सेपिया चढवतात. पिवळी पडलेली कड, डाग, कागदाची छटा, सगळं जातं. असे फोटो रंगीतच स्कॅन करावेत, ती फाइल जशीच्या तशी जपावी आणि हौस प्रतीवर भागवावी. मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का आणि आजोबांच्या अक्षरातली तारीख बहुधा तिथेच असते.