दगड कुणाचा, गाभारा कुणाचा?

२२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येत प्रतिष्ठापित राममूर्तीचा काळा दगड म्हैसूरजवळच्या हारोहळ्ळीत एका दलित शेतकऱ्याच्या जमिनीतून निघाला. शिल्पकार अरुण योगीराज यांनी तो घडवला. छिन्नी चालते तोवर दगडाला विटाळ नाही. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र पुटपुटले की अनेक देवळांत घडवणारा हातच गाभाऱ्याबाहेर! नाशिकचा काळारामही काळ्या दगडाचाच. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांनी तिथे सत्याग्रह आरंभला, तेव्हा दारे बंद झाली. आम्हाला मूर्ती नकोच. १९५६ साली नागपुरात आम्ही तो प्रश्न मिटवला. परंतु पुजारीपण ब्राह्मण जन्मावर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आदित्यन खटल्यात स्पष्ट केले आहे. मग पाथरवटाच्या शिकलेल्या पोराला पूजेपासून कोणत्या कायद्याने अडवता?