चिलिकाच्या खारेपणाला वाली कोण?

दुर्मीळ जीवांची यादी करणे हे प्रशासनाचे सोपे काम आहे. ते ज्या पाण्यावर जगतात, त्या पाण्याची जबाबदारी स्वीकारणे अवघड. ओडिशातील चिलिका सरोवराचा इतिहास हेच सांगतो.

पुरी, खुर्दा आणि गंजाम या जिल्ह्यांत पसरलेल्या या सरोवरात महानदीच्या शाखांचे गोडे पाणी आणि बंगालच्या उपसागराचे खारे पाणी एकत्र येते. इथे दीडशेच्या आसपास इरावती डॉल्फिन आहेत. पाण्याखाली हॅलोफिला बेकारी हे जगभर धोक्यात आलेले समुद्री गवत वाढते. बरकुडा बेटावरील, पाय नसलेल्या सापसुरळीचे वर्णन अ‍ॅनानडेल यांनी १९१७ मध्ये केले.

१९८१ मध्ये चिलिकाला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; पण दर्जाने गाळ थांबत नाही. समुद्राकडील मुख बुजत गेले, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी आटली. १९९३ मध्ये सरोवराची नोंद संकटग्रस्त पाणथळींच्या माँत्रो सूचीत झाली.

या ऱ्हासाचे एक कारण प्रशासकीयही होते. प्राणी वनखात्याचे, मासे मत्स्यखात्याचे, नद्या जलसंपदा खात्याच्या, जमीन महसूल खात्याची. खारेपणा मात्र कुणाचाच नव्हता. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या चिलिका विकास प्राधिकरणामुळे त्याला धनी मिळाला. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदण्यात आले. सुमारे १,७०० टनांवर आलेले मासळीचे उत्पादन दोन वर्षांत ११,००० टनांच्या पुढे गेले आणि २००२ मध्ये चिलिका त्या सूचीतून बाहेर पडले. मच्छीमाराचे पोट आणि डॉल्फिनचे अस्तित्व एकाच पाण्यावर अवलंबून आहे, हे यातून सिद्ध झाले.

परंतु मुख खोदले म्हणजे प्रश्न मिटला, असे नाही. वाळू सरकतच राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चिलिकाच्या काठापासून हजार मीटरच्या आत कोळंबी-संवर्धनास मनाई केली. तरीही कोळंबीच्या बेकायदा घेरी पुनःपुन्हा उभ्या राहिल्या आणि पुनःपुन्हा पाडाव्या लागल्या. जाळी आणि पर्यटकांच्या यांत्रिक नौका यांचाही डॉल्फिनना धोका आहे.

म्हणून माझे मत असे की, प्रत्येक किनारी पाणथळीसाठी संपूर्ण पाणलोटाचा विचार करणारी, वैधानिक अधिकार असलेली एकच यंत्रणा हवी आणि तिच्या निर्णयांत पारंपरिक मच्छीमारांना स्थान हवे. दरवर्षी डॉल्फिनची गणना होते, ती आवश्यकच आहे. पण आकडा घटल्याचे कळते तेव्हा बराच उशीर झालेला असतो. पाण्याचा खारेपणा त्याआधीच इशारा देतो. तो वाचून त्यावर निर्णय घेणारा जबाबदार अधिकारी नेमलेला असणे, हेच खरे संरक्षण होय.