बुरशीची जात कशाला विचारता?

गेल्या पावसाळ्यात मधल्या खोलीतलं कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागे हातभर लांब काळपट-हिरवा पट्टा. आतल्या चामडी बेल्टवर पांढरी लव धरलेली, ठेवणीतल्या साड्यांना तो ओळखीचा कुबट वास. घरात सल्ला निघाला, ‘आधी टेस्ट करून घ्या, कोणती बुरशी आहे ते कळू दे.’ एक गृहस्थ आले, हवा ओढणारा पंप पाच मिनिटं चालवून गेले आणि आठवड्याने रिपोर्ट आला: अ‍ॅस्परजिलस, पेनिसिलियम, क्लॅडोस्पोरियम. बिल भरलं. पट्टा जिथल्या तिथे.

शत्रू कोण ते कळल्याशिवाय लढायचं कसं, हा टेस्टवाल्यांचा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण ही तिन्ही नावं धडधाकट, कोरड्या घराच्या हवेतही सापडतात. बरं, आकडा घ्यावा तर तो ताडायचा कशाशी? हवेत बीजाणू किती असले तर चालतील, याची मर्यादा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही ठरवलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शिका काढली. तिचाही भर आकड्यावर नाही, ओल हटवण्यावर आहे. बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर नमुने घेण्याची सहसा गरजच नाही, असं ती अमेरिकी संस्था सरळ सांगते. जात कोणतीही निघो, काम तेच: पाणी थांबवा, बुरशी काढा.

‘काळी आहे हो, काळी!’ ही भीती आपल्याकडे २०२१ पासून बसली आहे. पण ‘काळी बुरशी’ म्हणतात त्या म्युकरमायकोसिसमध्ये काळं पडतं ते रोग्याच्या शरीरातलं मेलेलं मांस. भिंतीवरच्या डागाच्या रंगावरून त्या रोगाचं निदान करणं म्हणजे काळी मांजर आडवी गेली म्हणून ताप मोजण्यासारखं आहे. अवयवरोपणाच्या वॉर्डात हवेची तपासणी लागू शकते, डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी मागितली तर घरातही करावी. एरवी नको.

मात्र दुसरा पक्ष मला जास्त घातक वाटतो. ‘पावसाळा म्हटला की होणारच, ब्लीच मारा, वरून रंग लावा.’ मेलेल्या बुरशीचीही अ‍ॅलर्जी येते आणि ओल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरतो. इंग्लंडात रोचडेलच्या एका वडिलांनी २०१७ साली घरमालक संस्थेकडे बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्यांनाही वरून रंग मारायला सांगितलं होतं. २०२० च्या डिसेंबरात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा अवाब गेला. तिथे आता त्याच्या नावाचा कायदा आहे.

तपासणी करायचीच, पण पाण्याची. आम्ही भिंत वरवर पुसून वाळू दिली, हातभर प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं. खोलीकडच्या बाजूला थेंब असते, तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर उतरतोय असं धरलं असतं. मग कपाट चार बोटं पुढे सरकवा, खिडकी उघडा, ओले कपडे त्या खोलीत वाळत घालू नका. आमच्याकडे थेंब भिंतीच्या बाजूला होते. म्हणजे पाणी आतून येत होतं.

भिंतीपलीकडे आमचं बाथरूम, त्याच्यावर वरच्या काकूंचं. आता वाद ठरलेला. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपाची गळती सोसायटीच्या खर्चात, घरातल्या संडास-सिंकची ज्याची त्याच्या. या भांडणात बुरशीच्या लॅटिन नावांचा उपयोग शून्य. पाणी कुठून येतं, तेवढं दाखवावं लागतं. काकू आधी कबूल होईनात, ‘आमच्याकडे नवीन टाइल्स आहेत.’ शेवटी त्यांनीच नहाणी ट्रॅपला बोळा कोंबला, चार बोटं पाणी तुंबवलं आणि त्यात रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग कालवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला गुलाबी डाग उतरला. काकू खाली आल्या, बोट लावून पाहिलं, बोट पदराला पुसलं आणि म्हणाल्या, “तुमचा प्लंबर किती घेतो?”