गूळपाण्याची साक्ष

आमच्या आळीतल्या एका शिक्षिकाबाईंना चंद्राची बाधा आहे, अशी बरीच वर्षे समजूत होती. संकष्टीची संध्याकाळ झाली की त्या घामाघूम होत, असंबद्ध बोलत, घरच्यांना ओळखत नसत. चंद्रोदय होऊन उपास सुटला की पुन्हा पहिल्यासारख्या! कोणी म्हणे अंगात येते, कोणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला. त्यांचा डॉक्टर मी. मी म्हटले, "फिट येते," आणि वर्षभर फिटच्या गोळ्या दिल्या. उपयोग शून्य. यजमानांनी तर त्यांची नोकरी सोडवायचे ठरवले होते.

एके दिवशी सासूबाई दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, हसू नका. परवा सकाळी न्याहारीला उशीर झाला, तर सूनबाई तशीच करायला लागली. सकाळी कुठला आलाय चंद्र? मी आपलं गूळपाणी पाजलं. दहा मिनिटांत विचारते कशी, 'आई, काय झालं होतं?'"

मी हसलो नाही, ओशाळलो. उपाशीपोटी त्रास, त्या वेळी रक्तात साखर कमी, आणि साखर मिळताच आराम. ही त्रिसूत्री अमेरिकन सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३०च्या दशकातच सांगून ठेवली आहे. परीक्षेपुरती पाठ केली नि विसरलो! पुढच्या झटक्याला रक्त तपासले. साखर अवघी ३८.

मग रुग्णालयात देखरेखीखाली उपास. तो ७२ तासांपर्यंत चालवतात; बाईंना १४ तासच पुरले. साखर घसरली, तरी इन्शुलिन काही ओसरेना. म्हणजे स्वादुपिंडात कुठेतरी इन्शुलिन पाझरणारी गाठ, इन्शुलिनोमा. दहा लाखांत वर्षाला एक ते चार जणांना होणारी. दहांतल्या नऊ गाठी कॅन्सरच्या नसतात.

पण ती सापडावी कशी? बहुतेक गाठी दोन सेंटिमीटरहूनही लहान. स्वादुपिंड जठराच्या मागे दडलेले. पोटावरून सोनोग्राफी करावी तर आतड्यांतला वायू आड येतो. सीटी स्कॅनमध्येही काही दिसले नाही. शेवटी दुर्बिणीतून सोनोग्राफी केली. हिला एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड म्हणतात. झोपेचे औषध देऊन तोंडावाटे नळी जठरात व पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतात. नळीच्या टोकालाच ध्वनिलहरींचे यंत्र. मध्ये फक्त जठराची भिंत, पलीकडे स्वादुपिंड. शेजारच्या घरातले बोलणे भिंतीला कान लावून ऐकावे, तसे! पडद्यावर करड्या रंगात एक काळसर, वाटोळा ठिपका उमटला. हरभऱ्याएवढा. एवढ्याशा हरभऱ्याने एका शहाण्या बाईला वेडी ठरवले होते.

१९२१ साली टोरांटोत इन्शुलिनचा शोध लागला, आणि त्याच शहरात १९२९ साली रॉस्को ग्रॅहम या सर्जननी अशी गाठ काढून रोगी बरा केला. आमच्या बाईंचीही गाठ काढली. फिटच्या गोळ्या बंद झाल्या, शाळा चालू राहिली.

वाचकहो, घरात कोणी उपाशीपोटी भांबावले, तर नाव ठेवण्याआधी बोटाच्या थेंबाने साखर तपासा. शुद्धीवर असल्यास गोड द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालय गाठा.

परवा सासूबाईंनी फराळाचा डबा पाठवला. चकली खाताना मनात आले, दुर्बिणीने गाठ दाखवली खरी. पण दुर्बीण कुठे लावायची, ते या माउलीने सांगितले.