पदवी आणि पदन्यास

द्वारका हे नाव उच्चारताच मराठी मनाला सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील श्रीकृष्णाची नगरी आठवते. ह्या लेखातील द्वारका मात्र समुद्रापासून फार दूर, दिल्ली शहराच्या नैर्ऋत्य टोकास आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने आखून वसविलेल्या ह्या उपनगरात पत्ते सेक्टरच्या क्रमांकांनी सांगितले जातात, आणि तेथील गृहसंस्थांत नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली कुटुंबेही राहतात. अशा एखाद्या घरातील सतरा वर्षांची मुलगी आपण डोळ्यांसमोर आणू. सातव्या वर्षापासून ती कथक शिकत आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा तिने पूर्ण केली आहे. शाळेतही ती हुशार आहे. आता बारावी संपत आली असून पुढे कोणते महाविद्यालय, हा प्रश्न घरात रोज रात्री जेवणाच्या वेळी निघतो. वडिलांना अर्थशास्त्राची पदवी हवी आहे, आईला दहा वर्षांची मेहनत वाया जाऊ नये असे वाटते, आणि मुलगी दोघांचेही ऐकून घेते.

हा प्रश्न ‘अभ्यास की नृत्य’ अशा शब्दांत मांडला, की त्याचे उत्तर बहुधा अभ्यासाच्या बाजूने लागते. ‘आधी पदवी घे, मग काय नाचायचे ते नाच,’ असे आपण सहज म्हणून जातो. ह्या वाक्यात एक मोठी चूक दडलेली आहे. सतरा ते एकवीस ही वर्षे शरीर घडण्याची आहेत. पायांतील तयारी, श्वासाचा दम, लयीची पक्की जाण ह्या गोष्टी त्या काळात रोजच्या रियाजाने अंगात मुरतात. तीन-चार वर्षांचा खंड पडल्यावर त्या पूर्वस्थितीला आणणे फार कठीण जाते. उलट, पदवीचा अभ्यास मुक्त विद्यापीठातून तिसाव्या वर्षीही करता येतो. म्हणून सुज्ञ पालकाने प्रथम विचारावयाचा प्रश्न असा की, ह्या दोहोंपैकी कोणती गोष्ट पुढे ढकलता येण्यासारखी आहे?

परंतु एवढ्यावरून शिक्षणाकडे पाठ फिरवावी असेही नाही. नर्तकीचे सारे भांडवल तिच्या देहात असते, आणि गुडघ्याची किंवा घोट्याची एखादी दुखापत ते भांडवल एका दिवसात गोठवू शकते. त्या दिवशी हाताशी असलेली विद्या हाच आधार ठरतो. शिवाय ज्याला नृत्य जाणून करावयाचे आहे, त्याला संस्कृत, साहित्य, इतिहास व संगीतशास्त्र ह्यांच्या परिचयावाचून फार पुढे जाता येत नाही.

ह्या बाबतीत आपल्याकडील दोन उदाहरणे मननीय आहेत. रोहिणी भाटे ह्यांनी १९४६ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी ‘नृत्यभारती’ ही संस्था स्थापन केली. पंडित लच्छू महाराज व पंडित मोहनराव कल्याणपूरकर ह्यांच्याकडे त्यांनी दीर्घकाळ कथकची तालीम घेतली. पुढे त्यांनी जे लेखन केले, जे अध्यापन केले, त्यामागे ही दुहेरी बैठक होती. दुसरे उदाहरण डॉ. कनक रेळे ह्यांचे. त्या कायद्याच्या पदवीधर होत्या. त्यांनी १९६६ साली मुंबईत नालंदा नृत्यसंशोधन केंद्र स्थापिले आणि पुढे त्याला जोडून नृत्याचे महाविद्यालय सुरू केले. नृत्य हाच विद्यापीठीय पदवीचा विषय करण्याची वाट त्यामुळे पश्चिम भारतातील अनेक मुलींना मोकळी झाली.

ह्या दोन उदाहरणांतच दोन मार्ग दिसतात. पहिला मार्ग असा की, पदवी एखाद्या अन्य विषयाची घ्यावी आणि नृत्य गुरूकडे शिकावे. दुसरा मार्ग असा की, नृत्याचीच पदवी घ्यावी. दुसऱ्या मार्गासाठी मुंबईचे नालंदा, पुणे विद्यापीठात १९८७ साली सुरू झालेले ललित कला केंद्र, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची प्रयोगजीवी कलांची विद्याशाखा, आणि १९५६ साली स्थापन झालेले खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय ही ठिकाणे आहेत. दिल्लीहून ह्यांपैकी कोठेही जावयाचे तर मुलीला घर सोडावे लागेल. मात्र पुण्यात वा मुंबईत आजी-आजोबा, काका-मावशी असतील, तर ती अडचण आपोआपच हलकी होते. ज्या मुलीला पुढे नृत्याची प्राध्यापिका व्हावयाचे आहे, तिने ह्या मार्गाचा गंभीरपणे विचार करावा. महाविद्यालयीन अध्यापनासाठी त्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत नृत्याचा अंतर्भाव असलेला स्वतंत्र विषय आहे.

अलीकडे तिसरा मार्गही खुला झाला आहे. एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा दिली. दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गात बसून करावयाचे असतील, तर त्यांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. अथवा एक प्रत्यक्ष आणि दुसरा दूरशिक्षणाने करता येतो. म्हणजे दिवसा नृत्याचा पूर्ण वेळ अभ्यासक्रम आणि घरी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पदवी, अशी जोडणी आता शक्य आहे. मात्र ज्या दोन संस्थांत नाव घालावयाचे, त्या दोहोंकडून ह्यास हरकत नसल्याचे आधी लेखी विचारून घ्यावे.

आता द्वारकेकडे वळू, कारण निवडीचा खरा कस घराच्या पत्त्यावर लागतो. द्वारकेतच दिल्ली विद्यापीठाची दोन महाविद्यालये आहेत : सेक्टर ३ मधील दीनदयाळ उपाध्याय महाविद्यालय आणि सेक्टर २ मधील, विज्ञान विषयांना वाहिलेले, भास्कराचार्य महाविद्यालय. दिल्लीतील नृत्यशिक्षणाची जुनी ठिकाणे मात्र दूर आहेत. त्रिवेणी कला संगम आणि श्रीराम भारतीय कला केंद्र ह्या दोन्ही संस्था मंडी हाऊसच्या परिसरात आहेत. तेथून जवळच दीनदयाळ उपाध्याय मार्गावर विष्णू दिगंबर पलुसकरांच्या परंपरेतील, १९३९ साली स्थापन झालेले गांधर्व महाविद्यालय आहे. संगीत नाटक अकादमीचे कथक केंद्र चाणक्यपुरीत आहे. द्वारकेहून मंडी हाऊसपर्यंत मेट्रोची निळी मार्गिका गाडी न बदलता पोहोचविते, ही त्यातल्या त्यात सोय.

समजा, नावाच्या मोहाने मुलीने विद्यापीठाच्या उत्तर परिसरातील एखादे विख्यात महाविद्यालय निवडले. घरापासून तेथे जाण्यास सव्वा तास लागला, तर जाण्या-येण्यात रोज अडीच तास, आणि पाच दिवसांच्या आठवड्यात साडेबारा तास जातात. त्यातच गुरूंकडे जाण्याचा प्रवास मिळविला, तर रियाजासाठी उरतो तो थकलेला देह. तीच मुलगी घराजवळच्या महाविद्यालयात गेली, तर ते साडेबारा तास बहुतांशी तिच्या हाती राहतात. महाविद्यालयाचे नाव पदवीच्या कागदावर एकदाच छापले जाते. त्याचे अंतर मात्र रोज कापावे लागते. अर्थात, दूरच्या महाविद्यालयातील एखादा विषय वा विभाग खरोखरच तिच्या मनाचा असेल, तर परिसराजवळ वसतिगृह व तेथून सोयीचे गुरू मिळतात काय, हे पाहावे. अर्ध्या वाटेवर लोंबकळणे तेवढे टाळावे.

दिल्ली विद्यापीठात परीक्षेस बसण्यासाठी व्याख्यानांना दोन-तृतीयांश उपस्थिती आवश्यक असते. राजधानीतील नृत्यमहोत्सव बहुतांशी हिवाळ्यात भरतात, आणि सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास येतात. कार्यक्रमासाठी बुडालेल्या तासांची भरपाई होते की नाही, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. तेथे कलागुणांच्या आधारे मिळणारे प्रवेशही आहेत आणि त्यांत नृत्याचा समावेश आहे. ही वाट चांगली आहे. परंतु अशा प्रवेशानंतर विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या नृत्यसंघातर्फे स्पर्धांत भाग घ्यावा, अशी अपेक्षा असते. आंतरमहाविद्यालयीन समूहनृत्याची तयारी आणि गुरूंपुढची एकाग्र तालीम ह्या निराळ्या गोष्टी आहेत. एकीचे तास दुसरीच्या खाती मांडता येत नाहीत.

महाविद्यालय वा नृत्यसंस्था पाहावयास जाल, तेव्हा माहितीपत्रकावर समाधान मानू नका. वर्गात जाऊन जमीन पाहा. सिमेंटच्या टणक जमिनीवर वर्षानुवर्षे पाय आपटणे गुडघ्यांना सोसत नाही. तबल्याची साथ प्रत्यक्ष असते, की मुद्रित संगीतावर भागविले जाते, ते विचारा. एका गुरूपुढे किती विद्यार्थी असतात आणि आठवड्यात किती तास तालीम होते, ते लिहून घ्या. नृत्याची पदवी घेणार असाल, तर भाषा, इतिहास आणि शास्त्र हे विषय कोण शिकविते, ग्रंथालय किती वापरात आहे, हेही तितक्याच बारकाईने पाहा. अन्य विषयाची पदवी घेणार असाल, तर केवळ सोपा म्हणून विषय निवडू नका. नावडता विषय सोपा असला तरी मन खातो, आणि आवडता विषय कठीण असला तरी उमेद देतो. जिला गणित आवडते, तिने गणित घ्यावे. तालाच्या हिशेबाशी त्याचे वैर नाही.

खर्चाची बाजूही झाकून ठेवण्याजोगी नाही. द्वारकेच्या सेक्टर ७ मध्येच सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्र ही भारत सरकारची संस्था आहे. दहा ते चौदा वर्षांच्या गुणी मुलांसाठी तिची शिष्यवृत्ती १९८२ पासून दिली जाते, आणि प्रगती समाधानकारक असल्यास पहिली पदवी होईपर्यंत किंवा वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत ती पुढे चालू राहू शकते. शाळा-महाविद्यालयाबरोबर कला चालावी, हेच ह्या योजनेचे सूत्र आहे. अठरा ते पंचवीस वर्षांच्या तरुण कलावंतांसाठी संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची निराळी शिष्यवृत्ती आहे. ज्यांची मुले अजून लहान आहेत, त्यांनी ह्या योजनांची चौकशी वेळीच करावी. वय उलटून गेल्यावर अर्जाचा उपयोग नसतो.

आणखी एक गोष्ट मुलांविषयी. मुलीने नाचलेले चालते, मुलाने मात्र अभियंता व्हावे, अशी समजूत अजूनही अनेक घरांत आहे. कथकची परंपरा घडविणारे बहुतेक गुरू पुरुषच होते, एवढे लक्षात ठेवले तरी हा पूर्वग्रह सैल होईल. वर सांगितलेले सारे विचार मुलग्यालाही तसेच लागू पडतात.

शेवटी एक सोपा उपाय सुचवितो. अर्ज भरण्यापूर्वी, विचाराधीन असलेल्या प्रत्येक महाविद्यालयासाठी एकेक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर सोमवार ते रविवार असे रकाने आखावेत. व्याख्याने, प्रवास, गुरूंकडील तालीम, घरचा रियाज, वाचन, जेवण आणि निदान सात तासांची झोप हे सारे त्यांत बसवून पाहावे. ज्या कागदावर झोप किंवा रियाज मावत नाही, ते महाविद्यालय कितीही नामांकित असले तरी बाजूला ठेवावे. मात्र हे रकाने आई-वडिलांनी भरू नयेत. पेन्सिल मुलीच्या हाती द्यावी, आणि ती काय खोडते व काय तसेच ठेवते, हे शांतपणे पाहावे. तिला काय हवे आहे, ते तिच्या तोंडून निघण्याआधी त्या कागदावर उमटलेले दिसेल.